उजवीकडे मान्य

राजश्रीने तिसऱ्यांदा बोट डावीकडे ओढलं आणि तिसऱ्यांदा फोन म्हणाला, "लेबल नसलेलं बटण."

सोसायटीच्या ऑफिसात प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या अगदी कडेवर ती बसली होती. घडी केलेली पांढरी काठी मांडीवर, फोन हातात. टेबलापलीकडे सेक्रेटरी आत्माराम पाटील पेनचं टोपण उघडमीट करत होते. तिने बोट उजवीकडे ओढलं. "प्रतिमा," फोन म्हणाला. आणखी एकदा उजवीकडे. "लेबल नसलेलं बटण."

"ऐकलंत ना?" ती म्हणाली.

"ऐकला. पन वैनी, त्याच्यात कठीन काय हाय? कार्ड येतंय. उजवीकडं सरकवला का मान्य, डावीकडं सरकवला का अमान्य. माझ्या आईनी पन केला. सत्याहत्तर वर्षांची हाय."

"तुमच्या आईंना दिसतं."

टोपणाचा आवाज थांबला.

तिने पुन्हा एकदा समजावून सांगितलं. दिसणाऱ्या माणसाने बोट सरकवलं की पडद्यावरचं कार्ड सरकतं. तिच्या फोनमध्ये बोलणारा प्रोग्रॅम आहे. त्यात बोट सरकवलं की आवाज पुढच्या गोष्टीवर जातो आणि तिथे काय लिहिलंय ते वाचतो. कार्ड जागचं हलत नाही. आणि बटणाला करणाऱ्याने नावच दिलं नसेल, तर फोन तरी काय वाचणार? सोसायटीच्या जुन्या वेबसाइटवर साधी अक्षरं होती. पाच वर्षं ती त्यावरून पाण्याच्या तक्रारी करत होती, मीटिंगचे ठराव वाचत होती. बी विंगमधल्या तीन म्हाताऱ्यांचे फॉर्मसुद्धा तिनेच भरून दिले होते. गेल्या महिन्यात ती वेबसाइट बंद झाली आणि हे ॲप आलं. दिसायला फार देखणं आहे, असं जो तो म्हणत होता.

"मला कागदावर मत देऊ द्या," ती म्हणाली.

"कागद बंद केला ना. जनरल बॉडीत ठराव झाला. तुमी पन होता."

"होते. ॲप माझ्याशी बोलणार नाही, हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं." ती जराशी पुढे झुकली. "बरं, तोंडी सांगते. लिहून घ्या. बी चारशे तीन, अमान्य."

"आसा कसा लिहून घेऊ? गुप्त मतदान हाय." मग आवाजात मऊपणा आणत ते म्हणाले, "जीवनभाऊंना सांगा ना. दोन सेकंदांचा काम."

"मग गुप्त कसं राहील?"

"नवरा-बायकोत कसला गुप्त, वैनी."

राजश्री उठली. काठी झटकून उघडताना तिचे तुकडे खटखट एकात एक बसले, तेवढ्यानेच तिला जरा बरं वाटलं. ती दारापाशी पोचली तेव्हा पाटील मागून काळजीने म्हणाले, "पायरी हाय हा."

बारा वर्षं ती पायरी तिथेच होती.

प्रश्न मागच्या गेटचा होता. ते कायमचं बंद करून त्या जागेत सहा गाड्या लावायच्या, असा ठराव होता. इंद्रलोक भागातल्या या इमारतीत फ्लॅट घ्यायचा ठरला, तेव्हा राजश्रीने खोल्या किती मोठ्या आहेत हे विचारायच्या आधी मागचं गेट कुठे उघडतं ते चालून पाहिलं होतं. गेटातून बाहेर पडलं की गल्ली. गल्लीला एका बाजूने सलग भिंत, काठीला तिची सोबत. वाहनं हळू. गल्लीच्या तोंडाशी शेअर रिक्षा, आणि रिक्षाने मीरा रोडचं ते खासगी हॉस्पिटल, जिथे ती टेलिफोन ऑपरेटर होती. पुढच्या गेटाबाहेर रुंद रस्ता होता. फूटपाथच्या जागी दुचाक्या लावलेल्या, उलट्या दिशेने येणारे डिलिव्हरीवाले, आणि तळघरातून उतार चढून भसकन वर येणाऱ्या गाड्या. त्या गेटाने ती बारा वर्षांत एकटी कधी गेली नव्हती. गरजच पडली नव्हती. मागच्या गेटाने जायचं म्हणजे जीवनला उठवायचं नाही, कोणाचा दंड धरायचा नाही, 'जरा सोबत येता का' असं कोणाला म्हणायचं नाही.

गेल्या वर्षी त्याच गल्लीत कोणीतरी गटाराचं झाकण काढून बाजूला ठेवलं होतं. ती पडली. उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. त्या सहा आठवड्यांत जीवन तिची वेणी घालायला शिकला. आधी सैल, मग चांगली घट्ट. प्लास्टर निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी राजश्री पुन्हा मागच्या गेटाने कामाला गेली. जीवनने डबा हातात दिला आणि दार लावून घेतलं. तो नंतर अर्धा तास गॅलरीत उभा होता, हे तिला शेजारच्या दुर्गाबाईंनी सांगितलं.

मतदान रविवारी संध्याकाळी सहाला बंद होणार होतं. दुपारी जेवण झाल्यापासून राजश्री फोन घेऊन बसली. कार्ड उघडलं, बंद केलं, फोन बंद करून पुन्हा सुरू केला, एका बोटाने, दोन बोटांनी, तीन बोटांनी ओढून पाहिलं. तिच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना फोनची सेटिंग्ज ती समजावून सांगायची. साडेपाच वाजता तिने फोन जीवनपुढे धरला. हात ताठ होता, जणू कोणी हिसकावून घेणार आहे.

"आवाज बंद करावा लागेल," जीवन म्हणाला. "हा बोलत असला की कार्ड सरकतच नाही."

"माहितेय मला."

त्याने बाजूच्या दोन्ही कळा दाबून धरल्या. फोन गप्प झाला.

"अमान्य," ती म्हणाली. "डावीकडे."

"हो गं."

खोलीत काही ऐकू येईना. खालच्या मजल्यावरचा कुकरही नेमका तेव्हाच थांबला होता. काचेवरून बोट सरकल्याचा आवाज होत नाही.

"झालं," जीवन म्हणाला.

तिने फोन परत घेतला आणि उगाचच ओढणीच्या टोकाने पुसला. माहेरी परभणीला ती पहिल्यांदा मत द्यायला गेली होती, तेव्हा सोबत वडील गुणवंतराव होते. अंध मतदाराचं मत सोबत्याने द्यायची मुभा होती, केंद्रावरचा माणूसही तेच म्हणाला होता. गुणवंतरावांनी यंत्रावरची नावं वरून खाली वाचून दाखवली, तिचं बोट पहिल्या बटणावर नेऊन ठेवलं आणि म्हणाले, "आता तू मोज. मी तोंड फिरवतो." बाहेर आल्यावर, "कोणाला दिलंस ते मलासुद्धा सांगू नको," एवढंच बोलले. आता तर यंत्रावर ब्रेलमध्ये आकडे असतात. देशाचं सरकार निवडताना ती कोणाच्या मदतीशिवाय मत देते. आणि सहा गाड्यांच्या जागेसाठी तिला नवऱ्याचं बोट मागावं लागलं.

"चिडू नकोस आता," जीवन म्हणाला. "दिलं ना मत?"

"तुझ्यावर नाही चिडले."

तो चहा ठेवायला उठला.

सोमवारी ग्रुपवर निकाल आला. मान्य एकोणचाळीस, अमान्य छत्तीस. बुधवारी ती कामावरून आली, तेव्हा गल्लीतून गेटापाशी पोचल्यावर काठी लोखंडावर आपटली. गेटला दोन आडव्या पट्ट्या मारल्या होत्या, वेल्डिंगचा वास अजून जळका येत होता. आत कोणीतरी गाडी मागे घेत होतं. "येऊ दे, येऊ दे," वॉचमन म्हणत होता. तो गाडीवाल्याला सांगत होता. राजश्री थोडा वेळ तशीच पट्टीवर हात ठेवून उभी राहिली. मग तिने जीवनला फोन केला, आणि तो कामावरून सुटून येईपर्यंत, एक तास दहा मिनिटं, गल्लीच्या तोंडाशी रिक्षावाल्यांच्या बाकड्यावर बसून राहिली.

त्याच संध्याकाळी तिने सोसायटीला ईमेल केला. ॲप अंध सभासदाला वापरता येत नाही, म्हणून हे मतदान रद्द करून पुन्हा घ्यावं. दोन दिवसांनी उत्तर आलं. फोनने ते त्याच्या सपाट आवाजात वाचून दाखवलं: "आपल्या सदनिकेचे मत मुदतीत नोंदवले गेल्याचे ॲपमध्ये दिसते. त्यामुळे आपण मतदानापासून वंचित राहिलात असे म्हणता येत नाही."

तिने ते चार वेळा ऐकलं.

शनिवारी ती हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीत गेली. ॲप बनवणाऱ्यांचा पत्ता पाटलांनीच दिला, जरा हसूनच. जीवनने पुढच्या गेटातून दंड धरून तिला रस्ता ओलांडून दिला आणि रिक्षात बसवलं. "मी येतो ना," तो म्हणाला. "नको," ती म्हणाली आणि रिक्षावाल्याला हिंदीत पत्ता सांगितला.

गाळ्यांची जुनी इमारत होती. तळमजल्यावर खोके बनवायचं मशीन धडधडत होतं, पहिल्या मजल्यावरची फरशी त्याने थरथरत होती. दार उघडणाऱ्या मुलीचं नाव सुरुची राऊळ. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. ॲपचा पडदा न् पडदा तिनेच रचलेला.

"मॅडम, तुम्ही एकट्या आलात?"

"हो. येताना तुमचं ॲप वापरावं लागलं नाही, म्हणून जमलं."

सुरुचीने खुर्ची ओढली, पाणी दिलं. राजश्रीने पाण्याला हात लावला नाही. काय झालं ते तिने पहिल्यापासून सांगितलं, वेल्डिंगपर्यंत.

"सॉरी मॅडम," सुरुची म्हणाली. "ॲक्सेसिबिलिटी आम्ही सेकंड फेजमध्ये ठेवली होती. क्लायंटला आधी लुक हवा होता."

"म्हणजे मी दुसऱ्या फेजमध्ये मत द्यायचं."

"तसं नाही." मुलीचा आवाज बारीक झाला, पण ती मागे हटली नाही. "मी खरं सांगू का? तुमच्या जुन्या साइटवर कोणी जायचंच नाही. मीटिंगला वीस लोक यायचे. ह्या कार्डमुळे पंच्याहत्तर मतं पडली. ज्यांना फोनवर वाचायचा कंटाळा येतो, ज्यांना मराठी वाचता येत नाही, त्यांनीपण दिली. आजी-आजोबांनी दिली. ते सगळं काढून मी परत साधी यादी लावू का?"

हे खोटं नव्हतं. त्याचाच राजश्रीला जास्त राग आला.

"काढ म्हणाले का मी?" ती म्हणाली. "तुझा फोन घे. बोलणारा प्रोग्रॅम चालू कर. येतो ना चालू करता?"

"हो. टेस्टिंगला केला होता एकदा."

"आता फोनवर रुमाल टाक, काहीतरी टाक. आणि पाण्याची तक्रार नोंदव. चारशे तीनला पाणी नाही."

सुरुची हसली. मग तिने खरंच फोनवर स्टोल टाकला आणि त्याखाली बोट घातलं.

"लेबल नसलेलं बटण," फोन म्हणाला. "लेबल नसलेलं बटण. प्रतिमा. लेबल नसलेलं बटण."

"हे बहुतेक होम आहे," सुरुची म्हणाली. "थांबा हं. हे... नाही, हे प्रोफाइल असेल."

"तूच बनवलंयस ना?"

सुरुचीने स्टोलखाली पुन्हा बोट फिरवलं. खालचं मशीन जेवणाच्या सुट्टीसाठी थांबलं आणि त्या गप्प खोलीत फोनचा आवाज फार मोठा वाटायला लागला. ती मुलगी पाच-सात मिनिटं झगडली. एकदा चुकून तिने लिफ्टवाल्याला फोन लावला आणि घाईने कापला. मग तिने स्टोल ओढून काढला.

"एका बटणाला नाव द्यायला किती वेळ लागतो?" राजश्रीने विचारलं.

"मिनिटभर. तेवढापण नाही."

"पडद्यावर दिसतं ते?"

"नाही. कोणालाच दिसत नाही. फक्त तुमचा फोन वाचतो."

"मग तुझा लुक बिघडतो का?"

"नाही."

"आणि कार्डाच्या खाली मान्य-अमान्य अशी दोन साधी बटणं ठेवली, तर आजी-आजोबांना कार्ड सरकवता येणार नाही का?"

"येईल."

"मग केलं का नाहीस?"

सुरुचीने स्टोलची घडी घातली. "कोणी मागितलंच नाही," ती म्हणाली.

"मी मागायला येईपर्यंत माझं गेट वेल्ड झालं."

परतताना रिक्षा मिळेपर्यंत सुरुची तिच्याजवळ रस्त्यावर उभी राहिली. दंड धरायला तिचा हात पुढे आला होता, हे राजश्रीला तिच्या बांगडीवरून कळलं. तो परत मागे गेला. "कसं धरायचं असतं ते सांगाल?" मुलीने विचारलं. "धरायचं नसतं," राजश्री म्हणाली. "मी तुझा दंड धरते."

पुढचे तीन आठवडे सुरुची तिला ॲपची चाचणीची प्रत पाठवत राहिली. तीत खोटी सोसायटी होती, खोटे सभासद, खोट्या तक्रारी. राजश्री दुपारच्या सुट्टीत स्विचबोर्डाशेजारी बसून ती उघडायची आणि चुकांची यादी धाडायची. इथे नाव दोनदा वाचतंय. इथून मागे जाता येत नाही. जुन्या मतांच्या यादीत नुसता हिरवा आणि लाल ठिपका आहे, रंग माझ्या कानाला कळत नाही, तिथे शब्द लिही. ती यादी पाठवताना बिलकूल गोड बोलत नसे. सुरुची मात्र 'मॅडम'वरून 'ताई'वर आली. एकदा तिने लिहिलं, "ताई, तुम्ही पगारावर असता तर आमच्या सगळ्यांची नोकरी गेली असती."

या तीन आठवड्यांत रोज सकाळी जीवन तिला पुढच्या गेटातून रिक्षापर्यंत सोडत होता आणि रोज संध्याकाळी आणायला येत होता. त्यासाठी त्याने कामाची पाळी बदलून घेतली. त्याची चाल तिच्यापेक्षा हळू होती. तिच्याबरोबर असला की तो आणखीच हळू चालायचा, आणि बारीकसारीक सगळं सांगायचा: खड्डा आहे, स्कूटर आहे, कुत्रं आहे. तिचा दंड तो नीट धरायचा, हळुवार. घरी आल्यावर तो खुश असायचा. तिला ते कळत होतं आणि त्याच्या खुशीवर चिडावं असं काही तिच्या हाती लागत नव्हतं.

चौथ्या आठवड्यात, गुरुवारी, नवं ॲप सगळ्यांच्या फोनवर आलं. जीवनने तिला घरी सोडलं आणि दूध आणायला खाली गेला. राजश्री चप्पल काढून तशीच सोफ्यावर बसली आणि तिने ॲप उघडलं.

"मुख्य पान," फोन म्हणाला. "सूचना, दोन नवीन. तक्रार नोंदवा, बटण. पाहुणे, बटण. मतदान, बटण."

ती ऐकत गेली. सगळ्याला नावं होती. लिफ्टच्या दुरुस्तीची सूचना तिने वाचली, टाकी धुण्याची वाचली, काही कारण नसताना पार्किंगचे नियमही वाचले. मग मतदान उघडलं आणि त्यात 'माझी मतं'. इथे पूर्वी नुसते ठिपके होते. आता एकच ओळ होती.

"मागचं गेट बंद करून पार्किंग करणे. तुमचं मत: मान्य."

राजश्री हसली. मुलगी अजून कच्ची आहे, तिला वाटलं. हिरव्या-लालची अदलाबदल करून बसली. तिने लगेच फोन लावला.

"एक राहिलं गं," ती म्हणाली. "जुन्या मतांत शब्द उलटे लागलेत. अमान्यला मान्य वाचतंय."

"असं कसं?" सुरुचीच्या बोटांचा कळफलकावरचा आवाज आला. "थांबा ताई, माझ्या खात्यावर बघते. मी दोन्ही देऊन बघते." ती पुटपुटत राहिली. "हे मान्य... मान्यच वाचतंय. हे अमान्य. नाही ताई, बरोबर आहेत. तुम्ही मला तुमच्या स्क्रीनचा फोटो पाठवता?"

राजश्रीने पडद्याचा फोटो काढून पाठवला.

"ठिपका हिरवा आहे," सुरुची म्हणाली. "शब्द बरोबर आहे, ताई. मत मान्यच पडलंय." थोडं थांबून तिने हळूच विचारलं, "तेव्हा तर तुम्हाला वापरताच येत नव्हतं ना? मग कोणी..."

"माझीच चूक झाली असेल," राजश्री म्हणाली. "तू चांगलं काम केलंस. ठेवते."

ती बसून राहिली. फोनचा पडदा विझला असेल, ती शेवटची ओळ तिने पुन्हा ऐकली नाही. पाटलांच्या मऊ आवाजावर ती चिडली होती, कार्डावर चिडली होती, मुलीवर, वेल्डिंग करणाऱ्यावर, गाडी मागे घेणाऱ्यावर. चार आठवडे तिने घरभर तो राग मांडला होता, जेवताना, कपडे घड्या करताना. आणि जीवनने तो सगळा बसून ऐकला होता. हो ना, म्हणाला होता. खरंय तुझं, म्हणाला होता.

दाराची किल्ली फिरली. दुधाच्या पिशव्या ओट्यावर ठेवल्याचा थप्प आवाज झाला.

"तू त्या दिवशी मान्य दिलंस," राजश्री म्हणाली.

फ्रिजचं दार उघडलं होतं, ते उघडंच राहिलं. त्याची घरघर ऐकू येत होती.

"कोण म्हणालं?"

"ॲप."

बऱ्याच वेळाने फ्रिज बंद झाला. जीवन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"तुझ्या हाताचं हाड बाहेर आलं होतं," तो म्हणाला. "तू पाहिलं नाहीस. मी पाहिलं."

"हात माझा होता."

"रोज तू त्या गल्लीत गेलीस की तासभर माझं कामात लक्ष नसायचं. तुझा पोचल्याचा मेसेज येईपर्यंत. तुला सांगितलं असतं तर ऐकलं असतंस का तू?"

"नसतं ऐकलं."

"मग?"

"मग भांडायचं होतंस. मोठ्याने भांडायचं होतंस. मी तुला म्हणाले अमान्य, आणि तू म्हणालास हो गं."

तो दाराच्या चौकटीला टेकला असावा, लाकूड कुरकुरलं. "तसंही माझ्या एका मताने काय झालं असतं?" तो म्हणाला. "तीन मतांनी हरलो आपण."

"माझ्या म्हणालास."

"काय?"

"काही नाही."

तिने फोन हातात घेतला. जीवन पुढे आला, सोफ्याच्या हातावर बसला, आणि तिच्या मनगटाला, जिथे ते मोडलं होतं तिथे, त्याने बोटं लावली. तिने हात काढून घेतला नाही, फक्त फोन दुसऱ्या हातात घेतला.

"तक्रार नोंदवा," फोन म्हणाला. "तक्रारीचा प्रकार. पाणी. लिफ्ट. पार्किंग. मतदान. मतदान निवडलं."

"काय करतेयस?"

"सोसायटी म्हणते मी वंचित राहिले नाही. मत नोंदलं गेलंय म्हणे."

"राजश्री, या तक्रारी सगळ्यांना दिसतात. सगळी बिल्डिंग वाचेल."

"हो. सगळ्यांनाच वाचता येईल असं केलंय आता."

"पाटलांना जाऊन सांगू या. मी सांगतो हवं तर. माझ्याकडून चुकून झालं म्हणून सांगतो."

"चुकून झालं का?"

त्याची बोटं तिच्या मनगटावरून निघाली.

"तक्रार कोणत्या सदनिकेविरुद्ध," फोनने विचारलं, आणि मग यादी सुरू झाली. ए एकशे एक. ए एकशे दोन. राजश्री बोट ओढत गेली, एकेक घर ऐकत गेली. उड्या मारत खाली जाता आलं असतं, तिने तसं केलं नाही. जीवन उठून उभा राहिला. बी दोनशे एक. बी तीनशे चार, तिथे दुर्गाबाईंची बहीण राहायची. बी चारशे दोन.

"बी चारशे तीन," फोन म्हणाला, आणि राजश्रीने तिथे दोनदा टिचकी मारली. "निवडलं. तपशील, इथे लिहा."

ती लिहू लागली. शब्द पूर्ण झाला की फोन तो उच्चारायचा, म्हणजे चूक झाली तर तिला लगेच कळावी. मी. अमान्य. सांगितलं. होतं. ॲप. मला. वापरता. येत. नसल्याने. माझं. मत. माझ्या. पुढचा शब्द लिहून ती थांबली, आणि फोनने तोही त्याच सपाट आवाजात म्हटला: "पतीने."

जीवन खोलीच्या मधोमध उभा होता. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता. तो पुढे आला नाही आणि बाहेरही गेला नाही.

तिने पुढचा शब्द लिहायला घेतला.